येण्याचे कारण

आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलमंदिरालगत जे छोटेसे सभागृह आहे, तेथे पहाटे साडेपाच ते सात या वेळात योगाचा वर्ग भरतो. आणि मी सारी हयात कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात घालवलेली असल्यामुळे, नव्याने दाखल होणाऱ्यांची नोंदवही राखण्याचे काम गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात माझ्या गळ्यात घातले. वहीत पाच रकाने आहेत : अनुक्रम, नाव, वय, येण्याचे कारण आणि शेरा. परवा पावसाने वर्गाला कोणी फिरकले नाही, तेव्हा चौथा रकाना मी पहिल्या पानापासून सलग वाचून काढला. कंबर, मान, गुडघे, साखर, रक्तदाब, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, डॉक्टरांनी सांगितले, सुनेने सांगितले; एका गृहस्थांनी तर 'घरी साडेसातच्या आत चहा मिळत नाही' असेही प्रांजळपणे नोंदवले आहे. ज्या शास्त्राचे अंतिम फल म्हणून पतंजलींनी कैवल्य सांगितले आणि आपल्या ग्रंथाच्या चौथ्या पादाला तेच नाव दिले, त्या शास्त्राच्या उंबरठ्यावर आलेल्या एवढ्या माणसांत कैवल्याची मागणी करणारा एकही निघाला नाही.

याचा विषाद मानण्याचे कारण नाही. कंबर धरून आलेल्या माणसाला प्रथम कंबरच दिसणार. मात्र ती वही मिटताना एक गोष्ट मनात पक्की झाली. आपण 'योगाचे फायदे' असे ज्याला सरसकट म्हणतो, ते एकाच खात्यावर जमा होणारे उत्पन्न नव्हे. योगाच्या प्रत्येक शाखेने आपला वायदा वेगळा केलेला आहे, आणि एकीच्या वायद्याची वसुली दुसरीकडून करू पाहणारा मनुष्य हमखास रिकाम्या हाताने परततो.

मुळात 'योग' हा शब्दच असा सैल आणि उदार आहे, की त्याने कोणालाही आपल्या घरात घेतले. भेटीचा योग, विवाहाचा योग, पत्रिकेतला राजयोग, काहीच जुळले नाही तर योगायोग, या साऱ्यांत तोच शब्द आहे. संस्कृत वैयाकरणांनी 'युज्' या धातूचे जोडणे आणि समाधी असे दोन निराळे अर्थ नोंदवले, आणि पतंजलींच्या सूत्रांवर भाष्य करणाऱ्या व्यासांनी त्यांतला दुसरा पत्करला. पण लोकव्यवहारात पहिलाच रूढ झाला. गीतेच्या अठराही अध्यायांच्या नावांत योग आहे. फार काय, पहिल्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून बसतो तो विषादही 'योग' या पदवीला पोहोचला आहे. तेव्हा योग म्हणजे शरीर वाकवणे, आणि तेही अलीकडे शेवटच्या अक्षराला काना देऊन 'योगा' म्हणून वाकवणे, ही समजूत किती अलीकडची आहे, हे ध्यानात यावे.

शाखांची मोजदाद सर्वांनी एकसारखी केलेली नाही. ज्ञान, भक्ती, कर्म आणि राज अशी जी चौकट आज शाळकरी मुलालाही पाठ असते, ती या सुटसुटीत रूपात लोकांपुढे आणली स्वामी विवेकानंदांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि मुख्यतः पाश्चात्त्य श्रोत्यांसाठी. त्यापूर्वीचे हठपरंपरेतले ग्रंथ चारच शाखा सांगतात, पण त्या मंत्र, लय, हठ आणि राज अशा. एका वतनाचे दोन पिढ्यांनी दोन प्रकारे पोटहिस्से पाडावेत, तसे हे झाले. नकाशावर हद्दी स्वच्छ दिसतात, पण विहिरीचे पाणी सगळ्याच शेतांना जाते. दप्तरखान्यात अशी प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि कागदावरची हद्द खरी मानून भांडणारेही पाहिले आहेत.

कर्मयोगाविषयी महाराष्ट्रात नव्याने काही सांगावे असे थोडेच उरले आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहून काढलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ या एकाच शाखेचा कैवार घेतो. आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने केली, व साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत हीच शाखा सूतकताईच्या आणि शेतकामाच्या भाषेत उतरली. आपल्याकडे कर्मयोगाचे दोन मोठे ग्रंथ तुरुंगात जन्मले, हा योगायोग खराच. पण जेथे कामाचे फळ हाती येण्याचा संभवच नव्हता, तेथे फळाची आसक्ती सोडण्याचा विचार अधिक स्पष्ट सुचला असेल, असे मला आपले वाटते. या शाखेचा लाभ कोणत्याही यंत्रावर मोजता येत नाही. बढतीची यादी लागल्यावर जो कारकून नेहमीच्याच वेळी आपल्या टेबलाशी येऊन बसतो आणि अर्धवट राहिलेली फाईल पुढे ओढतो, त्याला तो मिळालेला असतो. असा एकच मनुष्य मला माझ्या नोकरीत भेटला. तो मी नव्हतो.

भक्तीच्या शाखेला पंढरीच्या वाटेवर कोणी योग म्हणत नाही, आणि वारकऱ्याला तसे सांगितले तर तो हसेल. तरी श्वासाच्या अंगाने पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. अभंगाचा चरण एका दमात गायचा, टाळाच्या ठेक्यावर थांबायचे, मग पुन्हा ओढायचा, यात नकळत श्वास लहान आणि उच्छ्वास लांब होतो. इटलीतल्या काही संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा की बौद्ध मंत्र म्हणा, म्हणणाऱ्याची श्वासगती मिनिटाला सहाच्या आसपास येते, आणि त्या गतीला हृदय व रक्तवाहिन्यांचे परस्परांशी असलेले नियमन अधिक सुरळीत चालते. नामस्मरणाचे समर्थन यासाठी करावे असे मी म्हणत नाही. ज्याला विठ्ठल हवा आहे त्याला हृदयाच्या आलेखाचे काय होय! पण ज्याला आलेखच हवा आहे त्याने हरिपाठाच्या वेळी देवळाबाहेर उभे राहण्याऐवजी आत येऊन बसायला हरकत नाही.

ज्ञानयोगाची साधने श्रवण, मनन आणि निदिध्यासन. त्याला ना चटई लागते, ना टाळ. मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज आपल्या घराच्या लहानशा खोलीत मराठीतून जे बोलत, ते ऐकायला सातासमुद्रापलीकडची माणसे येत. त्या संभाषणांचा इंग्रजी ग्रंथ १९७३ साली निघाला, तो सिद्ध करणारे गृहस्थ होते मॉरिस फ्रिडमन, जन्माने पोलंडचे आणि पेशाने इंजिनियर. हेच फ्रिडमन त्याच्या तीनएक दशके आधी सातारा भागातल्या औंध संस्थानात होते, जेथे राजाने आपला अधिकार प्रजेच्या स्वाधीन करण्याचा प्रयोग केला, आणि त्या राज्यघटनेच्या कामाला त्यांचा हात लागलेला होता. आणि तो राजा कोण, तर भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत तो सुरू केला, आणि देशोदेशी त्याचा पुकारा केला. आज ज्याच्यावाचून योगाचा एकही वर्ग उघडत नाही, तो सूर्यनमस्कार हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत शोधूनही सापडत नाही. तो आला आपल्या तालमीच्या आणि उपासनेच्या वाटेने, आणि त्याला आधुनिक शिस्तीचा पोशाख चढवण्यात मोठा वाटा या औंधकरांचा. वहिवाटीने हक्क प्राप्त होतो, हा कायदा येथेही लागू पडतो. त्याला बाहेर काढा असे म्हणणारा मी नाही, कारण शरीर ऊब धरायला त्याच्याइतका चोख उपाय दुसरा नाही.

राहिले राजयोग आणि हठयोग. आणि घोटाळा जो काही आहे तो या दोघांच्या हद्दीवरच आहे. पतंजलींच्या योगाला आपण राजयोग म्हणतो. त्यांची सूत्रे साधारण एकशे पंच्याण्णव, पाठभेदाने एखादे कमीअधिक. त्यांत यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी अशी आठ अंगे येतात, पैकी पहिली पाच बहिरंग आणि उरलेली तीन अंतरंग. एवढ्या सूत्रांत आसनाच्या वाट्याला आली आहेत उणीपुरी तीन, आणि त्यांतही एकाही आसनाचे नाव नाही. हलल्यावाचून सुखाने बसता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. उलट अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या पाच यमांचा, आणि शौच, संतोषादी नियमांचा, विस्तार त्यांनी बैजवार केला आहे. आमच्या वर्गात वज्रासन किती मिनिटे जमते हे सगळे सांगतात. अस्तेय किती जमले, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही, आणि नोंदवहीत त्याला रकानाही नाही.

हठयोग नाथपंथीयांनी वाढवला. मत्स्येंद्रनाथ आणि गोरक्षनाथ यांच्यापासून चालत आलेली ही विद्या गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना मिळाली, आणि शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन मराठी भाषेत अवतरले, ते वाचताना शरीर म्हणजे रोगांचे गाठोडे हा विचार क्षणभर तरी सुटतो. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी रचलेल्या 'हठप्रदीपिके'त अवघी पंधरा आसने आहेत, आणि त्यांतली बरीचशी बसूनच करायची. पुढच्या 'घेरंडसंहिते'त ती बत्तीस झाली. या ग्रंथांचा कल आसनांपेक्षा प्राणायाम, मुद्रा आणि शरीराच्या शुद्धीसाठी सांगितलेली धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती ही षट्कर्मे यांच्याकडे अधिक. मात्र हठ ही राजयोगाकडे जाणारी शिडी आहे असे तेच ग्रंथ बजावतात. आम्ही शिडीच तेवढी घरी आणली आणि दिवाणखान्यात उभी केली.

यातली नौली प्रथम पाहिली तेव्हा मी दचकलो होतो. गुरुजी पाय थोडे फाकून, गुडघे किंचित वाकवून, मांड्यांवर हात टेकवून उभे राहिले. श्वास पुरता सोडला, आणि पोट आत ओढले तसा बरगड्यांखाली एक खोल खळगा पडला, एवढा की तेथे एखादे मध्यम आकाराचे पातेले सहज मावावे. मग त्या खळग्याच्या मधोमध दोन स्नायू जोडीने दोरखंडासारखे ताठ उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, आणि लगेच एका लयीत फिरू लागले, जणू ताक घुसळताना रवीची दोरी कोणी आळीपाळीने ओढत आहे. श्वास बाहेरच. अर्ध्या मिनिटाने त्यांनी पोट सोडले, श्वास घेतला, आणि 'हं, आता जलनेतीची भांडी आणा' असे जणू काहीच न घडल्यासारखे म्हणाले.

नेमक्या याच क्रियेपाशी आपल्या काळातल्या योगाची एक महत्त्वाची घटना घडली, आणि ती महाराष्ट्राशी निगडित आहे. जगन्नाथ गणेश गुणे, जे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, अमळनेरला शिक्षक होते, आणि नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींकडून त्यांनी योगविद्या घेतली. गुरूने शिकवले ते त्यांनी मानले. पण ते तसे का घडते हे विचारण्याची मोकळीकही ठेवली. बस्तीच्या क्रियेत योगी पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी मोठ्या आतड्यात वर चढते, हे शिष्यांना ठाऊक होते. कसे चढते याविषयी मात्र नाना तर्क चालत. गुणे यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली या क्रिया करवून पाहिल्या, आतड्यातला दाब मोजला, आणि नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो, म्हणून पाणी ओढले जाते, असे दाखवून दिले. त्या अंशतः निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. गुरुदक्षिणेचा इतका निराळा प्रकार माझ्या ऐकिवात नाही.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, ज्यात एकीकडे प्रयोगांचे तपशील आणि दुसरीकडे आसनांची कृती असे. त्यांचे मोठेपण मला वाटते ते याच्यात, की जे मोजून सिद्ध होईना ते त्यांनी स्वपक्षाचे असूनही सोडले. प्राणायामाने पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, हे आजही जो तो सांगतो. कुवलयानंदांनी त्या समजुतीला तेव्हाच आक्षेप घेतला होता. निरोगी माणसाच्या रक्तातले तांबडे द्रव्य साध्या श्वसनानेच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी ओतून काय होणार? प्राणायामाचा लाभ आहे, पण तो श्वासाच्या संथपणाचा, लयीचा आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामाचा आहे. त्यांच्याही आधी, १९१८ साली, माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली, जी पुढे सांताक्रूझला गेली. संसारी माणसाला योग सोपा करून देणे हा त्यांचा ध्यास होता.

आणि पुणे. १९३७ साली म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांनी आपला अठरा वर्षांचा एक शिष्य डेक्कन जिमखान्यावर आसने शिकवायला पाठवला. लहानपणी क्षयाने आणि हिवतापाने खंगलेला तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. पुढली सत्त्याहत्तर वर्षे, म्हणजे २०१४ साली देह ठेवीपर्यंत, त्यांनी पुणे सोडले नाही. भिंतीत अडकवलेले दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, घडीची खुर्ची आणि लोड यांचा आधार देऊन, ज्यांना आसन अशक्य म्हणून सांगितले गेले होते त्यांना त्यांनी आसनात उभे केले. हठयोगाच्या ग्रंथांत घडीची खुर्ची नाही, हे खरे. पण ज्या म्हातारीचा खांदा वर जात नाही तिच्यासाठी स्वात्मारामांनीही ती चालवून घेतली असती.

आता चौथ्या रकान्याचे जे देणे लागते, ते चुकते केले पाहिजे. कंबरेच्या जुनाट दुखण्यात आसनांचा उपयोग होतो, आणि तो बेताचा असला तरी खरा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संघटनेने २०१७ साली, अशा दुखण्यात औषधांकडे वळण्यापूर्वी करून पाहण्याच्या उपायांत योगाची गणना केली. संथ श्वसनाने वाढलेला रक्तदाब थोडा उतरतो, झोप सुधारते, म्हाताऱ्या माणसाचा तोल सावरतो, धास्तावलेले मन थोडे स्थिरावते. मधुमेहात योगाने मदत होते. परंतु गोळ्या बंद करण्याचे अभय त्याने कोणालाही दिलेले नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंना दुसऱ्या एका वर्गात 'चाळीस दिवसांत इन्सुलिन सुटेल' असे सांगण्यात आले, त्यांनी तसे केले, आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्या इस्पितळात होत्या. त्या वर्गाचे नाव मी येथे घालत नाही. अशी आश्वासने देणारा तो एकटा नाही.

जपायचे कोठे, तेही सांगायला हवे. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. तेव्हा काचबिंदू असलेल्याने ते करूच नये, आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यानेही नाही. हर्निया असलेल्याने आणि गर्भवतीने कपालभातीपासून दूर राहावे. जलनेतीचे पाणी उकळून कोमट केलेले असावे, थेट नळाचे नसावे, कारण क्वचित त्यातून घातक जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अर्ध्या लिटरला सपाट चमचाभर मीठ पुरते. मीठ कमी पडले की पाणी नाकात मिरचीसारखे झोंबते, हे मी स्वतःच्या नाकाने सिद्ध केले आहे : पहिल्या दिवशी मीठ टाकायला विसरलो, मान वाकडी करून नळी डाव्या नाकपुडीला लावली, पाणी उजवीकडून येण्याऐवजी डोळ्यांतून आले, आणि गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुमचं दप्तर चोख असतं हो, पण मिठाची नोंद राहिली."

नोंदवहीचा पाचवा रकाना, शेऱ्याचा, बहुतेक कोराच आहे. कोणी बरे झाले की येईनासे होते, आणि कोणी बरे झाले नाही तरी येईनासे होते. दोहोंची नोंद सारखीच. गुडघ्यांसाठी आलेल्या एका आजींना मी सहा महिन्यांनी विचारून शेरा भरला, तो असा : गुडघे तसेच, जिना चढते. म्हणजे सुधारणा की नाही, हा प्रश्न मी गुरुजींपुढे ठेवला, तर ते म्हणाले, "लिहा जसं सांगितलं तसं."

रोज पावणेसातला शवासन संपते, आणि गुरुजी सर्वांना उठवून मांडी घालायला लावतात. प्रत्याहार, धारणा आणि ध्यान, म्हणजे पतंजलींच्या आठ अंगांपैकी तीन, यांना आमच्या वेळापत्रकात पंधरा मिनिटे आहेत. त्यांतली पाच मांडी घालण्यात आणि खोकला आवरण्यात जातात. लग्नसराईत तर सहा पन्नासलाच मंडपवाल्याचा टेम्पो दाराशी लागतो, लोखंडी खुर्च्या एकीवर एक आदळू लागतात, आणि डोळे मिटलेल्या माणसांच्या कपाळावर एक एक आठी उमटत जाते. गुरुजी डोळे न उघडता म्हणतात, "आवाज आहे, असू द्या." मग सात वाजतात, चटया गुंडाळल्या जातात, आणि सभागृहाची किल्ली पुजाऱ्याच्या हातात देऊन मी पोच घेतो.